मुलांची चित्रे आणि सरकारी दप्तर

जबलपूरला बदलून आलेला मराठी माणूस भेडाघाट पहिल्या पंधरवड्यात पाहतो, मदनमहाल पहिल्या पावसाळ्यात. कुंडमला मात्र कामावाचून सहसा कोणी जात नाही. आम्हीही कामानेच गेलो होतो. डिंडोरीच्या रस्त्याला लागले, शहर मागे पडले, की डोंगर जवळ येऊ लागतात, मोहाची झाडे दिसू लागतात आणि गोंडांची गावे सुरू होतात. हिरन नदीचा उगम याच टापूतला. पुढे ती नर्मदेला मिळते, पण येथे तिची ओळख कुंडातल्या पाण्याएवढीच. दिवस सप्टेंबरचे होते. तहसिलीतील एका शाळेत थोडा वेळ थांबणे झाले, आणि त्या थांबण्यातून हा लेख निघाला.

शाळेच्या ओसरीत सुतळी बांधून तिला मुलांची चित्रे अडकवली होती. १८ सप्टेंबर हा जबलपूर जिल्ह्यात राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांच्या बलिदानाचा दिवस म्हणून पाळतात. त्यानिमित्ताने काढलेली ही चित्रे. बहुतेक एकाच सांच्यातली होती. मध्ये तोफ, तोफेच्या तोंडाशी दोघे फेटेवाले, बाजूला लाल डगल्याचे शिपाई, वर धूर. एक चित्र मात्र निराळे निघाले. त्यात तोफ कागदाच्या कोपऱ्यात, खेळण्याएवढी. कागदाच्या मध्यभागी एक टेबल, टेबलामागे चष्मा घातलेला एक इसम, त्याच्या पुढ्यात कागद आणि हातात लेखणी. त्याच्यामागे आणखी एक जण बासन धरून उभा. चित्रकार दहावीतला मुलगा होता. "हे कोण?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब." "इंग्रज साहेब ना?" मुलाने चित्राकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पुन्हा म्हणाला, "साहेब."

गुरुजी घाईघाईने म्हणाले, मुलगा आहे, त्याला काय कळते! आम्ही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर जसजसे आठवत गेलो, तसतसे वाटू लागले की सुतळीवरल्या साऱ्या चित्रांत खरा इतिहास त्या एकाच चित्रात होता.

कारण शंकरशाहांचे प्रकरण मुळात तोफेचे नव्हे, कागदाचे आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचे हे वृद्ध वंशज १८५७ साली जबलपूरजवळ पुरव्याला राहत होते. राज्य केव्हाच गेलेले. आधी मराठ्यांकडे, मग १८१७ च्या युद्धानंतर कंपनीकडे. (गोंडांच्या या मुलखावर सागरकर आणि नागपूरकर भोसले यांनीही राज्य केले, हे येथे येणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये, आपण या नाट्यात केवळ प्रेक्षक नव्हतो.) जबलपूरला तेव्हा ५२ वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री होती. पलटणीतल्या शिपायांशी राजाचे संधान असल्याचा संशय आला, फकिराच्या वेषात हेर गेला, आणि १४ सप्टेंबरला पितापुत्रांना धरण्यात आले. झडतीत शस्त्रांचा साठा सापडला नाही; सापडली ती देवीची पद्यबद्ध प्रार्थना. शत्रूंचा संहार कर, असे तिच्यात मागणे होते. शत्रू कोण हे सांगायला टीकाकाराची गरज नव्हती. अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे चौकशी झाली, प्रार्थना पुराव्यात दाखल झाली, आणि १८ सप्टेंबरला दोघांनाही तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री ५२ वी पलटण बंड करून निघून गेली.

आता गंमत पाहा. ती प्रार्थना आज आपल्याला ठाऊक आहे ती कोणामुळे? राजाच्या घरच्यांनी जपली म्हणून नव्हे. सरकारने ती जप्त केली, तिचे इंग्रजी भाषांतर करविले, ते कागदपत्रांना जोडले, आणि त्या काळच्या इंग्रजी इतिहासग्रंथांत ते छापले गेले. ज्या टेबलाने कवीला मृत्यूकडे धाडले, त्याच टेबलाने कविता राखली. कुंडमच्या मुलाने बासनवाला उभा केला होता, तो उगाच नव्हे.

शंकरशाह वयोवृद्ध होते, राजवंशातले होते. त्यांचे लेखन इतिहासात कोठे ना कोठे उरलेच असते, असे कोणी म्हणेल. ते शाळकरी पोरांच्या बाबतीत म्हणता यायचे नाही. विद्यार्थिदशेत, मिसरूडही न फुटलेल्या वयात, राजकारणावर कविता, पदे, चित्रे करणारी मुले आपल्याकडे गेल्या सव्वाशे वर्षांत थोडी झाली नाहीत. त्यांच्या कृतींपैकी उरले काय आणि कोणाच्या हातून उरले, हे पाहायला जबलपूरहून नाशकाला जावे लागते.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव चालू असता, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चाफेकर फाशी गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचे दोघे भाऊ वासुदेव आणि बाळकृष्ण, आणि महादेव रानडे, हेही गेले. या वेळी भगूर-नाशिककडचा विनायक दामोदर सावरकर नावाचा मुलगा शाळेत शिकत होता. दामोदरपंत फाशी गेले तेव्हा त्याचे पंधरावे वर्ष सरत आले होते. त्या वयात त्याने चाफेकर-रानड्यांवर फटका रचला. स्वदेशीवरचा त्याचा फटकाही याच कोवळ्या काळातला. सावरकरांच्या उत्तरायुष्यातील राजकारणाविषयी वाचकांचे मत काहीही असो, आमचे लक्ष येथे त्या मुलाच्या पाटी-दप्तरावर आहे. त्याने निवडलेला रचनाप्रकार पाहण्यासारखा आहे. फटका हा अनंत फंदीने गाजवलेला उपदेशाचा प्रकार. चार व्यवहाराच्या गोष्टी खडसावून सांगण्यासाठी वडीलधाऱ्यांनी वापरायचा. शाळकरी मुलाने तो उलटा फिरवला आणि वडीलधाऱ्यांनाच खडसावले. नवा साचा शोधण्याची उसंत त्या वयाला नसते. घरात जे भांडे हाताशी लागेल, त्यातच निखारे भरायचे.

१९०० साली नाशकात मित्रमेळा निघाला. तिळभांडेश्वराच्या बोळात त्याच्या बैठकी होत. तेथे आबा दरेकर होते, मराठी काव्यवाचकांना कवी गोविंद या नावाने परिचित असलेले. पायांनी पंगू, शिक्षण बेताचे, आधी लावण्या रचणारे. त्यांची प्रतिभा या पोरांच्या संगतीत वळण बदलून गेली. मोठ्यांनी मुलांना बिघडवले की मुलांनी मोठ्यांना, असा प्रश्न पुढे सरकारला पडला असेल. नाशकाच्या बाबतीत त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. पदे रचायची, चाल लावायची, गणेशोत्सवात मुलांकडून म्हणवून घ्यायची. सावरकर शाळेतून कॉलेजात गेले, तरी सिंहगडाचा आणि बाजीप्रभूंचा असे त्यांचे दोन्ही पोवाडे याच मेळ्याच्या मुशीतून निघाले. सरकारने दोन्ही जप्त केले.

मेळा म्हणजे काय, हे आज दिल्ली-भोपाळला वाढलेल्या आपल्या मुलांना समजावून सांगावे लागेल. १८९३ नंतर पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि लगोलग १८९४ पासून मेळ्यांची धामधूम सुरू झाली. वीस-पंचवीस पोरांपासून शंभरापर्यंतचा ताफा. मावळ्यांचे वेष, हातात टिपऱ्या किंवा लेझीम, पुढे निशाण. पद्ये करणारा बहुधा एखादा शिक्षक, कारकून किंवा कॉलेजचा विद्यार्थी. गाणारी मुले मात्र हायस्कुलातली आणि त्याहून लहान. श्रावणात वाड्यांच्या चौकांतून तालमी सुरू होत. चाली नाटकातल्या, नाही तर लावणीच्या. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असल्यामुळे शब्द एका रात्रीत पेठभर होत. छापखाना नको, परवाना नको. वर्तमानपत्र जप्त करता येते, पण अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला सील कसे ठोकायचे? पुढे सरकारने त्याचाही बंदोबस्त केला, तो निराळा.

या मेळ्यांचे गुणगान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेळ्याची कल्पनाच मुळी मोहरमच्या टोळ्यांवरून घेतलेली होती. १८९३ च्या दंग्यांनंतर त्या टोळ्यांत हिंदूंनी जाऊ नये, हाही या उत्सवामागचा एक हेतू होता. पहिल्या काही वर्षांच्या पदांत परकीय सत्तेइतकाच, कधी कधी तिच्याहून अधिक, शेजारच्या मुसलमानाचा द्वेष आहे. ते शब्द मुलांच्या तोंडी घातले मोठ्यांनी. मुलाचा स्वर निर्मळ असला म्हणजे त्याच्या तोंडचे पदही निर्मळ असतेच असे नाही, आणि म्हणूनच ते वापरण्याचा मोह मोठ्यांना होतो. १९१८ च्या रौलट समितीने आपल्या अहवालाची सुरुवात पुण्याच्या गणेशोत्सवापासून केली, ती सरकारी दृष्टीने. परंतु त्या अहवालात दिलेले उतारे आज वाचताना आपल्यालाही काही ठिकाणी मान खाली घालावी लागते.

१९०५ च्या ऑक्टोबरात बंगालमध्ये कार्लाइलचे परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी चळवळीत भाग घेतला तर शाळांचे अनुदान आणि सवलती जातील, असा त्याचा मतलब. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी तोच धडा साऱ्या देशासाठी गिरवला. त्याच सुमारास नागपुरात नील सिटी हायस्कुलात तपासनीस वर्गावर्गांतून फिरू लागले, तेव्हा प्रत्येक वर्गाने उठून "वंदे मातरम्" म्हटले. केशव बळीराम हेडगेवार हा विद्यार्थी त्या पेचात शाळेबाहेर पडला आणि यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेला. हा प्रसंग संघाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. आम्हांला मात्र तो वाचताना नेहमी त्या तपासनिसाचे कुतूहल वाटते. मध्यप्रांताच्या शिक्षणखात्यात त्या काळी मराठी माणसे पुष्कळ होती. घोषणा ऐकून शेरा लिहायला जे बसले, त्या कचेरीतल्या कोणाच्या घरी त्याच शाळेचा मुलगा नव्हता, असे कोण सांगेल?

कारण कागदाचा हा दुसरा मार्ग आपल्यासारख्यांच्या घरांतून जातो. जप्तीची यंत्रणा परकीय होती, पण तिचे डोळे एतद्देशीय होते. मुंबई सरकारची ओरिएंटल ट्रान्सलेटरची कचेरी होती. देशी पत्रांतले, पुस्तकांतले, गाण्यांतले काय आक्षेपार्ह ते तेथे ठरे, आणि मराठी पदातला श्लेष कळायला मराठी माणूसच लागे. १९०९ च्या जून महिन्यात गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती 'लघु अभिनव भारत माला' या कवितांच्या लहानशा पुस्तकावरून. देवदेवता आणि शिवाजी यांची नावे घेऊन कवी कोणाविरुद्ध बोलत आहे, याची त्या खटल्यात काव्यशास्त्रविनोदाला शोभेल अशी चिकित्सा झाली. अपिलात मराठी जाणणारे न्यायमूर्ती होते. त्या कवितांचा इतका बारकाईने विचार करणारा रसिक तोपर्यंत त्यांना लाभला नव्हता, असे म्हणताना हसू येते आणि लगेच विरते. २१ डिसेंबर १९०९ ला नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला तो फाशी गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. मधल्या काळात मुद्रणाचा नवा कायदा आला आणि खाडिलकरांचे 'कीचकवध' बंद झाले. पदांपासून पिस्तुलापर्यंतची ही वाट थोड्या महिन्यांत चालून झाली. मुलांच्या कवनांकडे "त्याला काय कळते" म्हणून पाहणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तारखांसह मांडून पाहावा.

पण जप्त झालेली पुस्तके उरली. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात आणि आपल्या अभिलेखागारांत ती क्रमांक घालून ठेवलेली आहेत, आणि संशोधक ती मागवून वाचतात. जप्त न झालेल्यांचे काय झाले? ज्या वह्या पोलिसांच्या हाती लागल्या नाहीत, त्या आईच्या हाती लागल्या. सरकारी नोकराच्या घरी मुलाच्या दप्तरात असले पद सापडणे म्हणजे भाकरीवर गदा. बाप रागावला असेल, किंवा काही न बोलता कागद चुलीत सारला असेल. त्यात भ्याडपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. चार पोरांचे पोट एका सहीवर चालत असताना चूल हाच एक सुरक्षित दफ्तरखाना असतो. परंतु परिणाम असा झाला की या शाळकरी कलेचा जो भाग शत्रूच्या हाती गेला तेवढा टिकला, आणि जो प्रेमाच्या माणसांनी लपवला तो नाहीसा झाला. इतिहासकाराला मुलांची ओळख पटते ती त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांवरून.

चित्रांची स्थिती गाण्यांहून वाईट. गाणे निदान दहा जणांच्या तोंडी राहते. मुलांच्या हाताला चित्रकलेचे वळण लावले सरकारनेच. मुंबई इलाख्यातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आपल्यापैकी कित्येकांनी दिल्या असतील. सुरई, पेरू, घडी घातलेला टॉवेल. विषय मात्र मुलगा वर्गाबाहेरून आणी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने शिवाजी, नाना फडणीस यांच्या तसबिरी भिंतीभिंतीवर पोचवल्या. त्या पाहून मुलांनी पाटीवर, वहीच्या मागल्या पानावर, शाळेच्या हस्तलिखितात किती शिवाजी काढले असतील, याची गणती नाही. हस्तलिखित ही आपल्या शाळांची खास चीज. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. अशा शिक्षकाच्या शाळेतील हस्तलिखितांत देशाचे राजकारण शिरल्यावाचून कसे राहील? पण हस्तलिखिताची प्रत एकच; वाळवी लागली की संपले.

जबलपूरपुरते बोलायचे तर चित्रांच्या दृष्टीने हे गाव भाग्यवान म्हणायचे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह येथेच पेटला आणि मग नागपूरला गेला. त्यात स्वतःला अटक करवून घेणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान या जबलपूरच्या सूनबाई. पहिली कविता छापून आली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, आणि पुढे आपल्या तांब्यांच्या मुलीवर, झाशीच्या राणीवर, त्यांनी जी कविता लिहिली ती हिंदी मुलुखात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही शाळेत पाठ करावी लागते. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, म्हणून मिरवणुकीत त्यांची तसबीर मिरवली आणि रथ ओढायला बावन्न हत्ती लावले. माणसाच्या जागी चित्र बसवून राजकारण कसे चालते, याचा एवढा मोठा वस्तुपाठ कोणत्याही गावच्या मुलांना मिळाला नसेल. जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंहा त्या वेळी नऊ वर्षांचे होते. ते पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, आणि वयाच्या विशीत असताना भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान त्यांच्या रेषांनी सजले. त्या पानाच्या कोपऱ्यात त्यांनी "राम" एवढीच सही केली आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रेही त्यांच्याच हातची. ज्यांना रविवारी काही काम नसेल, त्यांनी ती जाऊन पाहावीत. भेडाघाटाइतकी गर्दी तेथे नसते.

स्वराज्यानंतर वारे उलटे फिरले. रिस्लेच्या परिपत्रकाने मुलांना राजकारणाची चित्रे काढू नका म्हटले. आता परिपत्रक येते ते काढा म्हणून. स्वच्छता, मतदार जागृती, तिरंगा. विषय वरून येतो, कागदाचा आकार वरून येतो, नंबर आपणच काढतो. आम्ही स्वतः अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहो आणि ज्या चित्रात झाडू सरळ आणि घोषवाक्य शुद्ध, त्याला पहिले बक्षीस दिले आहे. त्यात वाईट काही नाही. पण १९६५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तीन शाळकरी मुले व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध दंडाला काळी फीत बांधून वर्गात बसली, आणि १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा प्रश्न कापडाच्या त्या तुकड्याच्या सुबकतेचा नव्हताच. तो तुकडा त्यांना कोणी आणायला सांगितला नव्हता, एवढेच त्याचे मोल.

कुंडमच्या त्या मुलालाही टेबल काढायला कोणी सांगितले नव्हते. विषय दिला होता तोफेचा.

निघताना आम्ही गुरुजींना विचारले, या चित्रांचे पुढे काय होते? वर्षअखेर रद्दीत जातात, ते म्हणाले. कपाट एकच आहे. मग ते एक चित्र आम्ही नेले तर चालेल का, असे मुलालाच विचारले. त्याने सुतळीवरून कागद काढला, उलटून मागे नाव आणि इयत्ता लिहिली. देता देता पुन्हा सुलटा करून पाहिला आणि थांबला. साहेबाच्या चष्म्याची एक काडी काढायची राहून गेली होती. त्याने ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ती काढली, कानामागे नीट वळवली, आणि मग चित्र आमच्या हातात दिले.